टीजेच्या जागा नक्की कोणाच्या?

हर्नडनकर
धाकटी सातवीत आहे, त्यामुळे घरात सध्या एकच जप: टीजे. नवीन मंडळींसाठी सांगतो. थॉमस जेफरसन हे व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचं विज्ञान-तंत्रज्ञानाचं सरकारी हायस्कूल, १९८५ पासूनचं. २०२० पर्यंत प्रवेश परीक्षा होती. मग काउंटीच्या स्कूल बोर्डाने परीक्षाही काढली आणि १०० डॉलरची अर्ज-फीही. आता प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठेवतात, उरलेल्या सर्वांना खुल्या. मार्क, निबंध आणि घरची परिस्थिती बघतात. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला.

माझ्या मते हा आपल्या पोरांच्या मेहनतीवर फिरवलेला बोळा आहे. सगळ्या समाजांतली मुलं हवीत ना? मग पाचवीपासून गरीब वस्तीतल्या शाळांत नीट गणित शिकवा. आठवीच्या दारात चाळणी बदलून काय साधणार?

दीडशहाणी
मेहनत नक्की कोणाची हो? शनिवारी सकाळी ग्रोसरीच्या दुकानाशेजारच्या क्लासबाहेर मीही दोन वर्षं गाडीत बसून काढली आहेत. आत लेक घड्याळ लावून पेपर सोडवतेय, बाहेर डब्यातला उपमा गार होतोय. पार्किंगमध्ये आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच, आयटीतले. आमच्याकडे साफसफाईला एल साल्वादोरच्या एक बाई यायच्या, त्यांचाही मुलगा तेव्हा आठवीत होता. त्यांना त्या क्लासची फी झेपली असती?

रोखठोक
क्लास लावणं गुन्हा आहे का? परीक्षेत निदान पेपर सगळ्यांना सारखा असतो. निबंधात काय, ज्याला गोष्ट रंगवता येते तो पुढे. आणि बोर्डाचा हेतू वंशाचं प्रमाण जमवण्याचाच होता, हे माझं नाही, या बदलाविरुद्धच्या खटल्यात २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीश हिल्टन यांचं म्हणणं.

दीडशहाणी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

रोखठोक
दोन न्यायमूर्तींनी, अलिटो आणि थॉमस यांनी, त्या नकारालाही विरोध नोंदवलाय. तोही वाचा.

नवोदयचा_गडी
अमेरिका मी पाहिलेली नाही, पण हे वाचून हसू आलं. जवाहर नवोदयला मी सहावीत लागलो तो आमच्या तालुक्यातून. परीक्षा होती, पण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. जिल्ह्याच्या गावातल्या स्कॉलरशिपच्या पोरांशी सरळ लढत असती, तर मी आज बापाबरोबर कांद्याच्या चाळीतच असतो. पहिल्या सहामाहीत गणितात आपटलो. दहावीला त्याच गणितात वर्गात दुसरा. तुमचा दीड टक्का मला आमच्या तालुक्यासारखाच दिसतोय. शाळेशाळेतली हुशार पोरं उचलायची, एवढंच.

हर्नडनकर
गडी, आवडलं. पण नवोदयमध्ये परीक्षा होतीच ना? इथे तीच उडवली, माझं भांडण तिथे आहे. आणि रेचल कार्सनसारख्या मिडल स्कूलमध्ये, जिथे दर दुसरा पोरगा गणितात दोन वर्षं पुढे, तिथल्या दीड टक्क्यात बसायचं म्हणजे मुंबई लोकलमध्ये विरारला चौथी सीट मिळवणं.

अनुस्वार
एक आकडा कोणीच काढत नाहीये. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी गरीब घरातली आशियाई मुलं ५१ निवडली गेली. आदल्या वर्षी किती? एक. हो, एक! अर्जदारांत आशियाई अर्ध्याहून थोडे कमी होते, निवडीत अर्ध्याहून जास्त. 'आपली' म्हणताना ही ५१ कुठे बसवायची?

रोखठोक
त्या ५१ जणांबद्दल आनंदच आहे. तरी ज्याचा नंबर तेवढ्याने हुकला, त्याच्या आईला हे टक्के वाचून दाखवा.

दीडशहाणी
मी ती आई आहे. लेकीचा नंबर हुकला. दोन दिवस रडली, आता साध्या हायस्कूलमध्ये रोबोटिक्स क्लब चालवते आणि मला उपदेश करते.

हर्नडनकर
आमच्या ओळखीत एकाने आता उलटाच हिशेब मांडलाय. टीजेला फारसं कोणी जात नाही अशा मिडल स्कूलच्या हद्दीत घर बघतोय.

दीडशहाणी
घेऊ दे की! त्या शाळेच्या पालक संघाला एक खमका बाप मिळेल. 'ओळखीतला' कोण ते कळलं बरं का.

हर्नडनकर
रविवारी दोन घरं बघायची आहेत. बायकोला सांगू नका, तिला वाटतंय आपण फर्निचर बघायला चाललोय.