विषय: आई-बाबांची पहिली लंडनवारी, ऊसबिल आणि १ जूनचा घोळ

प्रेषक: पलूसचा, सध्या रेडिंग
११ जानेवारी

नमस्कार मंडळी,

गणपतीत बऱ्याच जणांशी ओळख झाली, पण इथल्या मराठी मंडळींच्या या ईमेल यादीवर लिहायची ही पहिलीच वेळ. आई-बाबांना मे महिन्यात इकडे आणायचं ठरवतोय. दोघांचा हा पहिलाच परदेश प्रवास. विमानातसुद्धा कधी बसलेले नाहीत.

बाबा ७१, आई ६६. साडेचार एकर बागायत, सगळा ऊस. पेन्शन नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही, कारण शेतीशिवाय दुसरं उत्पन्नच नाही. ऊसबिल जिल्हा बँकेत जमा होतं, त्यातून आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं, मग खतवाला, मग ट्रॅक्टरवाला. आज खात्यात ३८ हजार आहेत.

प्रश्न असे:

धाकटा भाऊ म्हणतो, बाबांच्या खात्यावर पाच लाख टाकू, व्हिसा झाला की काढून घेऊ. गावातल्या एजंटानेही हेच सांगितलंय. करावं का?

पासपोर्टवर दोघांचीही जन्मतारीख १ जून आहे. बाबांच्या आधारवर मात्र १ जानेवारी. हे अडेल का?

येतायत तर सहा महिने राहू देत असं मला वाटतं. तसंच लिहू ना अर्जात?

आणि सगळा मिळून खर्च किती धरावा?

---

प्रेषक: हॅरोची मावशी (मूळ मिरज)
११ जानेवारी, रात्री

अरे पलूसकरा,

आधी भावाला फोन लाव आणि सांग, पाच लाख जिथे आहेत तिथेच राहू देत. बाकीचं पत्र नंतर वाच.

लावलास? आता ऐक. माझ्या आई-वडिलांच्या वेळी आम्ही हाच शहाणपणा केला होता. अर्जाच्या आधी नऊ दिवस अण्णांच्या खात्यात चार लाख. नकाराचं पत्र आलं त्यात स्वच्छ लिहिलं होतं की खात्यातली नेहमीची उलाढाल बघता ही रक्कम कुठून आली याचा खुलासा नाही. चूक आमचीच. फी गेली ती गेलीच. भेटीच्या व्हिसाला सहसा अपील नसतं, पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' याला 'हो' लिहायचं. अण्णांना ते इतकं लागलं की दुसऱ्या वेळेला येतच नव्हते. म्हणाले, "चोर ठरवलं मला."

बाबा श्रीमंत आहेत असं दाखवायचं नाहीये. खर्च तू करणार आहेस, तर तसंच लिही: तिकीट मी काढतोय, राहणं माझ्याकडे, जेवणखाण माझं. तुझ्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, घराचा करार आणि इथल्या वास्तव्याचा पुरावा जोड. तुझी बाजू एवढ्यात संपली.

पोरं इथेच चुकतात. मुलाच्या पगाराचे कागद वीतभर आणि बाप कोण, तिकडे काय करतो, याचं एक पान नाही. अर्ज बापाचा आहे! अधिकाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात, हा माणूस खरंच भेटायला येतोय का आणि परत जाईल का. तेव्हा जिल्हा बँकेचं निदान सहा महिन्यांचं स्टेटमेंट घे, इंग्रजीत, शिक्क्यासकट. पासबुकाच्या झेरॉक्सवर भागवू नकोस. त्यात कारखान्याकडून आलेली मोठी रक्कम दिसेल ना, तिच्यासोबत ऊसबिलाची पावती लाव, टन आणि दर दिसतो ती. आकडा आकड्याला जुळला की खुलासा झाला. नंतर खात्यात ३८ हजारच का उरले तेही सोसायटीच्या उताऱ्यावरून कळतं. शेतकऱ्याचं खातं असंच भरतं आणि असंच रिकामं होतं.

७/१२ आणि ८अ जोड. डिजिटल सहीचा ७/१२ महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, तलाठ्याच्या मागे फिरू नकोस. पण तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतरकाराने 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायला हवा. भावाने घरी बसून टाइप केलेलं चालत नाही.

आता ते सहा महिने. बाबांना विचारलंस का, त्यांना किती दिवस यायचंय? की तूच ठरवून मोकळा झालास?

---

प्रेषक: बार्शीचा, सध्या मिल्टन कीन्स
१२ जानेवारी

मंडळी, १ जूनचं मी सांगतो, आमच्या घरात चौघे १ जूनचे आहेत.

नव्या पिढीसाठी खुलासा: पूर्वी जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी पहिलीत घ्यायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख लावायचे १ जून. आधार काढताना ज्यांनी फक्त साल सांगितलं त्यांना १ जानेवारी मिळाली. म्हणजे दादा, तुझ्या बाबांच्या दोन्ही तारखा खोट्याच आहेत. आजीला विचारलंस तर ती 'पंचमीच्या आदल्या दिवशी, मोठा पाऊस होता' असं सांगेल, आणि तीच खरी.

व्हिसाला पासपोर्ट प्रमाण. अर्ज, तिकीट, विमा, तुझं निमंत्रणपत्र, सगळीकडे पासपोर्टवरची तारीख आणि पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर. आधारचा नंबर कुठे देणार असलास तर पत्रात एक ओळ टाक की आधारवरची तारीख अंदाजे नोंदलेली आहे. आधारची तारीख दुरुस्त करता येते, पण सहसा एकदाच, तेव्हा घाईत करू नका. शाळेचा दाखला हातात घेऊनच जा.

आणखी एक. बाबांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा) असेल तर एजंट त्यावरून पैसे काढायला बघेल. ती भानगड ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. मुलाकडे राहायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही.

---

प्रेषक: चिपळूणची, सध्या क्रॉयडन
१२ जानेवारी

खर्चाचं कुणीच बोलेना, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी सासू-सासरे आले तेव्हाची वही समोर आहे.

सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पाउंड झाली होती, माणशी. दोन वर्षांचा तेव्हा ४७५. पहिल्या खेपेला सहा महिन्यांचाच घ्या. मोठा घेतला तरी एका खेपेला सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. टीबीची तपासणी सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीला लागत नाही, तेव्हा कुणी त्याचे पैसे मागितले तर उठून या.

तिकीट दोघांचं १ लाख ४२ हजार पडलं, मुंबई ते हीथ्रो थेट. गल्फमार्गे सोळा हजार वाचत होते. नाही वाचवले. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला मध्यरात्री परक्या विमानतळावर गेट शोधायला लावायचं, त्यापेक्षा सोळा हजार गेलेले परवडले. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. ती फुकट असते आणि ढकलणारा माणूस थेट इमिग्रेशनपर्यंत नेतो. सासरे म्हणाले, मी काय लंगडा आहे? मुंबईचं टर्मिनल बघितल्यावर गप बसले.

विमा. व्हिसाला सक्तीचा नाही म्हणून लोक टाळतात. टाळू नका. पाहुण्याला इथल्या अपघात विभागात उपचार फुकट मिळतात, पण वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू, आणि एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ते ठरलेल्या दराच्या १५० टक्क्यांनी लावते. बाबांना बीपी, शुगर असेल तर ते विम्यात जाहीर करा. हप्ता वाढतो, वाढू दे. लपवून घेतलेला विमा नेमका त्याच दिवशी उपयोगाला येत नाही. आमचे दोघांचे पन्नास दिवसांचे २३ हजार गेले.

इथे आल्यावर फार लागत नाही. सीनियर रेलकार्ड ३५ पाउंडाचं आहे, साठीच्या पुढच्या कुणालाही मिळतं, पाहुण्यालाही, पासपोर्ट दाखवायचा. तिकिटावर एक तृतीयांश सूट. रेडिंगहून दोनचार फेऱ्या केल्यात की वसूल.

गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. तूप, खवा, खव्याचं काही आणू नका म्हणावं, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चटण्या, पीठ, मेतकूट खुशाल.

---

प्रेषक: पलूसचा, सध्या रेडिंग
२५ जानेवारी

मावशी, विचारलं. बाबा म्हणाले, "आडसाली लागण जुलैच्या मध्यावर धरायची. तोवर मला घरी सोड, मग कुठं बी ने." सहा महिने म्हटल्यावर हसले. "सहा महिने रान कोण बघणार, तू?"

आई म्हणते, मी राहीन श्रावणापर्यंत.

---

प्रेषक: हॅरोची मावशी (मूळ मिरज)
२५ जानेवारी

बघ. तुझ्या बाबांनी निमंत्रणपत्र लिहून दिलं की तुला. '१० मे ते २ जुलै, त्यानंतर उसाची लागण आहे' असंच्या असं इंग्रजीत घाल. सहा महिने लिहिले असतेस तर साडेचार एकर ऊस सोडून हा माणूस सहा महिने इथे काय करणार, हा प्रश्न मलासुद्धा पडला असता.

आईचं मात्र अर्ज भरायच्या आधी ठरवा. दोघांचे अर्ज वेगळे असतात, तारखा वेगळ्या चालतात, पण लिहायचं एक आणि करायचं एक असं नको. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे तुझा १० फेब्रुवारीनंतर. निकालाला साधारण तीन आठवडे धर.

---

प्रेषक: पलूसचा, सध्या रेडिंग
२७ फेब्रुवारी

पुण्याच्या व्हिसा केंद्रावर काल बोटांचे ठसे द्यायला जाऊन आले दोघं. भाऊ बरोबर होता, त्याच्याकडून कळलेलं लिहितो.

ऑनलाइन अर्ज मीच इथून भरला, रोज रात्री बाबांना फोनवर घेऊन. 'महिन्याला खर्च किती करता?' यावर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मीठ, चहापत्ती, साखर... साखर सभासदाची येती. तेल. बाकी घरचंच." शेवटी दोघांनी बसून वीज, औषधं, मोबाइल धरून नऊ हजारांचा आकडा काढला.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बाबांचे ठसे उठेनात. पन्नास वर्षं पाचट ओढून आणि खुरपं धरून बोटांच्या रेघाच गेल्यात. काउंटरवरच्या मुलीने ओल्या टिश्यूने अंगठा पुसला, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा नाही. मग आईने पिशवीतनं खोबरेल काढलं. ती मुलगी म्हणाली, आजी, तेल नको, काच खराब होते. बाबांचे हात धुवून आणवले, तळवे चोळायला लावले आणि पाचव्या वेळेला मशीन हिरवं झालं. ज्यांच्या घरी शेतकरी माणूस आहे त्यांनी आठवडाभर आधीपासून रोज रात्री हाताला व्हॅसलीन लावायला सांगा, हे यादीच्या कामाचं.

---

प्रेषक: पलूसचा, सध्या रेडिंग
१९ मार्च

व्हिसा आले. दोघांचेही!

तिकिटं काढतोय. आई शेवटी बाबांबरोबरच २ जुलैला परतणार आहे, अर्जात तसंच लिहिलं होतं. एकटीने विमानात बसायचं नाही म्हणाली, शिवाय लागणीच्या वेळी वीस माणसांच्या भाकरी कोण थापणार.

क्रॉयडनच्या ताई, एक राहिलंच. बाबा विचारतायत, हातातल्या पिशवीत खुरपं चालेल का. माझ्या बागेचा फोटो बघितलाय त्यांनी.

---

प्रेषक: चिपळूणची, सध्या क्रॉयडन
१९ मार्च

हातातल्या पिशवीत नाही. मोठ्या बॅगेत, स्वच्छ धुवून, पात्याला फडकं गुंडाळून. माती अजिबात नको.