जॉन विल्यम्सची बॉस्टनमधली चौदा वर्षं: आडवाट की खरी कमाई?

तिसरी घंटा:
हॉलिवूडचा सिनेसंगीतकार जॉन विल्यम्स म्हटलं की आपल्याला शार्क आठवतो, अंतराळातली युद्धं आठवतात, डायनोसॉर आठवतो. १९८० ते १९९३ हाच माणूस बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचा कंडक्टर (एसटीतला नव्हे) होता, हे मात्र बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकलेलं असतं. जणू दोन सिनेमांच्या मधल्या सुट्टीत घेतलेली शिकवणी. माझं मत उलट आहे. पाच ऑस्कर एका पारड्यात टाका आणि बॉस्टनची वर्षं दुसऱ्या. सिनेसंगीताची पत वाढवण्याचा हिशेब असेल तर दुसरं पारडं खाली जाईल.

पॉप्स म्हणजे काय ते थोडक्यात. बॉस्टन सिम्फनी हा शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद १८८१ चा. मुख्य हंगाम संपला की वादक रिकामे, म्हणून १८८५ पासून त्याच मंडळींचे हलक्याफुलक्या संगीताचे कार्यक्रम सुरू झाले. खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडायची, खाणंपिणं चालू, समोर वॉल्ट्झ म्हणजे नाचाची धून, नाहीतर मार्च म्हणजे पलटणीच्या चालीची धून. आर्थर फीडलरनी १९३० पासून जवळजवळ पन्नास वर्षं हा डोलारा सांभाळला. चार्ल्स नदीकाठी ४ जुलैला त्यांचं वादन म्हणजे जत्राच. १९७६ साली, देशाच्या द्विशताब्दीला, चार लाख लोक जमले होते असं सांगतात. जुलै १९७९ मध्ये ते गेले आणि जानेवारी १९८० मध्ये त्यांच्या जागी नेमणूक झाली ती थेट हॉलिवूडच्या संगीतकाराची.

२९ एप्रिल १९८० च्या रात्री विल्यम्सनी पॉप्सकडून एक नवा मार्च वाजवून घेतला. 'स्टार वॉर्स' मालिकेतला पुढचा सिनेमा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' यायला अजून तीन आठवडे होते. आज शाळेच्या बँडपासून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत पोचलेला इम्पीरियल मार्च तो हाच. बॉस्टनच्या लोकांनी तो आधी निव्वळ संगीत म्हणून ऐकला. पडदा नाही, खलनायक डार्थ व्हेडरचा काळा मुखवटा नाही.

शिवाय सिनेमातलं संगीत तुकड्यातुकड्यांचं. संवाद आला की दबून जा, दार उघडलं की थांब. विल्यम्सनी असे तुकडे सांधून त्यांची मैफलीत उभी राहतील अशी रूपं लिहिली. हाताशी रोजचा वाद्यवृंद असल्यावर ही सवय लागते. आपल्याकडे नाट्यपद नाटकातून मैफलीत आलं तेव्हा दुसरं काय झालं?

खडूस खर्ज:
धागा चांगला, निष्कर्ष ढिसाळ.

एक, सिनेसंगीताला मोठ्या वाद्यवृंदासमोर आणण्याचा मान बॉस्टनला देताय, तो आपल्या मुंबईकर झुबिन मेहतांचा आहे. नोव्हेंबर १९७७ मध्येच त्यांनी हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकला घेऊन 'स्टार वॉर्स'चं संगीत वाजवलं, आणि नंतर रेकॉर्डही काढली. तेव्हा विल्यम्सची पॉप्सवर नेमणूकही झाली नव्हती.

दोन, टेबलावर लेमोनेडचा जग ठेवून ऐकायच्या कार्यक्रमात वाजलं म्हणून पत कशी वाढते? पॉप्स आधीपासूनच हलकं होतं. तिथे सिनेमाची धून वाजणं म्हणजे लग्नात बँडनं सिनेमाची धून वाजवणं. नवल कसलं?

तीन, आणि हे मला खरंच खुपतं. फीडलर दुसऱ्यांचं संगीत वाजवायचे. विल्यम्स आले आणि लिहिणारा, वाजवून घेणारा, रेकॉर्ड विकणारा, सगळं एकच झालं. आपलंच दुकान, आपलाच काटा. पहिल्याच वर्षी निघालेल्या रेकॉर्डचं नाव 'पॉप्स इन स्पेस'. आणखी काय सांगायचं?

नाट्यपदाची तुलना तर राहूच द्या. वसंतराव देशपांडे नाट्यपद घेऊन बसले की त्यातून प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी निघायचं. विल्यम्सचा मार्च बॉस्टनला जसा वाजतो तसाच टोकियोला वाजतो.

तिसरी घंटा:
मेहतांचा मुद्दा मान्य, लिहिताना सुटला. पण एका रात्रीचा मोठा कार्यक्रम वेगळा आणि चौदा वर्षं तेच लावून धरणं वेगळं. शिवाय पॉप्सचे कार्यक्रम अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवले जायचे. ज्यांनी आयुष्यात सिम्फनीचं तिकीट काढलं नसतं त्यांच्या दिवाणखान्यात ऐंशी-नव्वद वादक आणि त्यांच्यासमोर उभा हा दाढीवाला, दर उन्हाळ्यात.

'तसाच वाजतो' यावर काय बोलणार? पाश्चात्त्य पद्धतीत लिहिलेलं लिहिल्यासारखंच वाजवतात. तो आक्षेप मग ब्रह्म्ससारख्या शास्त्रीय संगीतकारावरही घ्या.

जुना फिडल:
मी मुंबईत पंचवीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे संगीतकार बहुधा काचेच्या पलीकडे. नोटेशन लिहायचा आणि हात हलवायचा तो अरेंजर, बरेचदा गोव्याचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं जुन्या लोकांना विचारा. गोन्साल्विसनी तर १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते त्यात. तो फार टिकला नाही. सांगायचं कारण, सिनेमाच्या वादकाला स्टेजवर मानानं बसवायची तहान आमच्या माणसांनाही होती. विल्यम्सच्या मागे भरभक्कम संस्था होती, गोन्साल्विसच्या मागे नव्हती. त्यामुळे 'आपलंच दुकान' ऐकून वाईट वाटलं.

पण धागालेखकांनी एक गोष्ट गाळली आहे. १९८४ साली तालमीत विल्यम्सची नवी रचना वादकांसमोर आली. पहिलंच वाचन चालू होतं आणि काही वादकांनी तोंडानं 'स्स्स' केलं. हो, फुत्कारले. विल्यम्स तालीम सोडून निघून गेले आणि राजीनामा दिला. आधी सिनेमाच्या कामाचं कारण पुढे केलं, नंतर खरं बोलले: शिस्त नाही, आदर नाही. व्यवस्थापनानं विनवण्या केल्या, वादकांनी माफी मागितली, तेव्हा कुठे राजीनामा मागे घेतला.

कंडक्टरवर फुत्कारणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. आम्ही कितीतरी भिकार नोटेशनं वाजवली. मनातल्या मनात शिव्या घातल्या, चहाच्या वेळी नकला केल्या; पण पोडियमवर माणूस उभा असताना आवाज? कधीच नाही.

खडूस खर्ज:
फिडलकाका, मला वादकांची बाजू दिसते. हेच लोक हिवाळ्यात बॉस्टन सिम्फनीचे तेव्हाचे प्रमुख ओझावा यांच्या हाताखाली ब्रह्म्स-माहलर वाजवणार, आणि उन्हाळा आला की रोज रात्री नवा कागद, तालीम जेमतेम, समोर बशांचा खणखणाट. त्यात प्रमुख वादकांना पॉप्समधून सूट. ते आपलं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत, वाजवायला मोकळे. मागच्या रांगांनी करायचं काय? फुत्कार चुकीचा, चीड चुकीची नव्हती.

कांबळे सरांचा वर्ग:
चीड असेल तर युनियनकडे जा. नव्या रचनेवर कशाला काढता? ज्यानं रात्र जागून लिहिलंय त्याच्या तोंडावर?

शेजारचा चार्ल्स:
उशिरा येतोय. आम्ही १९८६ पासून बॉस्टनच्या परिसरात आहोत. पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पॉप्सची दोन तिकिटं दिली, वरच्या बाल्कनीतली. मी साडी नेसून गेले, कारण सिम्फनी हॉल म्हणजे काहीतरी गंभीर असणार. आत बघते तर खाली हिरवट दिव्यांत टेबलं आणि माणसं चिप्स खातायत! वर भिंतीत ग्रीक-रोमन पुतळे, मंचाच्या माथ्यावर चौकटीत एकच नाव कोरलेलं: बीथोव्हन. बाकीच्या चौकटी रिकाम्या. १९०० साली हॉल बांधला तेव्हा बाकी कुणावर एकमत झालं नाही म्हणे. त्या नावाखाली बसून चिप्स खायच्या हे मला फार आवडलं. (शिवाजी मंदिरात मध्यंतराचा वडा आत आणला तर डोअरकीपर काय म्हणेल?)

'आपलंच दुकान' म्हणजे विल्यम्सनी फक्त स्वतःचं वाजवलं असं म्हणायचं असेल, तर ते साफ चूक. कार्यक्रमाचे तीन भाग असायचे. पहिल्यात हलकं शास्त्रीय, मधल्यात एखादा एकल वादक, तिसऱ्यात लोकप्रिय गाणी, नाटकं-सिनेमे, आणि शेवटी अमेरिकन संगीतकार सूझाच्या मार्चला वरून भलामोठा झेंडा उलगडायचा. ही घडी फीडलरची, विल्यम्सनी ती मोडली नाही. त्यांच्या सिनेमाच्या धुना बहुतेक तिसऱ्या भागात, आणि लोक त्यासाठीच थांबायचे हेही खरं.

आणि विल्यम्सना बघायला आलेल्यांची थोडी निराशाच व्हायची! फीडलर म्हणजे नाटकी माणूस, फायर ब्रिगेडचं वेड, पांढरी आयाळ. विल्यम्स मवाळ, नीटनेटके, बोलणं हळू. हातवारे आटोपशीर. वडील जाझ ड्रमर होते म्हणतात. ते मला फक्त लयीचं वजन सरकवताना जाणवायचं.

१९८४ चं भांडण इथेही बरेच दिवस चघळलं जायचं. पण ते चघळणाऱ्यांनी १९९८ पण लक्षात ठेवावं. पॉप्स सोडून पाच वर्षं झालेली, आणि 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चं संगीत विल्यम्सनी रेकॉर्ड केलं ते याच हॉलमध्ये, बॉस्टन सिम्फनीबरोबर. हॉलिवूडचे स्टुडिओ सोडून कशाला आला असता माणूस?

खडूस खर्ज:
चार्ल्सबाई, आठवण झकास. माझा प्रश्न मात्र तसाच आहे. चौदा वर्षांत पॉप्सला त्यांनी असं काय दिलं की जे सिनेमाशिवाय उभं राहतं? फॅनफेअर सोडून बोला. ऑलिंपिकला एक, स्वातंत्र्यदेवतेला एक, असल्या सनया-चौघडा छापाच्या ऑर्डरी मी धरत नाही.

जुना फिडल:
ट्यूबा कॉन्चर्टो. १९८५. ट्यूबा म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य; कॉन्चर्टो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदाबरोबर वाजवायची रचना.

वाद्यवृंदात ट्यूबावाला एकच, सगळ्यात मागे, अर्धा वेळ विश्राम मोजत बसलेला. पॉप्सच्या शंभराव्या वर्षासाठी विल्यम्सनी त्या वाद्यासाठी कॉन्चर्टो लिहिला, आणि बाहेरचा पाहुणा न बोलावता त्याच वाद्यवृंदातल्या चेस्टर श्मिट्झना पुढे उभं केलं. फुत्काराला वर्षही झालं नव्हतं. माझ्या लेखी माफीचं उत्तर ते होतं.

तिसरी घंटा:
काका, हे माझ्या लेखात असायला हवं होतं. मी मार्चमध्येच अडकून बसलो.

खडूस खर्ज:
माफीबिफीची गोष्ट तुम्ही रचताय काका, शंभरी तर ठरलेलीच होती. तरी काल रात्री ऐकला. अठरा-एक मिनिटं, तिन्ही भाग न थांबता. मधला संथ भाग दोनदा लावला. इतकं जाडं वाद्य इतकं अलगद चालेल असं वाटलं नव्हतं.

दुकानाबद्दलचं मत कायम आहे. 'पॉप्स इन स्पेस' माझ्या कपाटात येणार नाही.

शेजारचा चार्ल्स:
आमच्याकडे आहे! कॅसेट. टेप अडकते, पण इम्पीरियल मार्चपर्यंत नीट चालते.