रेशनचं धान्य बंद करून खात्यात पैसे द्यावेत का? खान्देशातल्या लोकांनी मत मांडावं

तापीकाठ (शहादा)
आमच्या गावात रेशन वाटपाच्या दिवशी एक गोष्ट ठरलेली आहे. बाया दुकानात अंगठा लावून गहू-तांदूळ घेतात आणि गल्लीच्या टोकाला मोटरसायकलवर काटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तांदूळ तिथल्या तिथे मोजून देतात. भाव तो सांगेल तो. त्या पैशात मग ज्वारी, तेल, मिरची. आपल्याकडे रोज भात खातो कोण? सरकार तांदूळ विकत घेतं, गोदामात ठेवतं, ट्रकने इथवर आणतं, आणि बाईच्या हातात पडते निम्म्याहून कमी किंमत. एवढा खर्च करायचाच आहे तर ते पैसे तिच्या खात्यात टाका.

हे फक्त गावावरून बोलत नाही. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था १९७५ पासून भूक आणि गरिबीवर काम करते. तिने जागतिक अन्न कार्यक्रमाबरोबर बांगलादेशात २०१२ ते २०१४ मोठा प्रयोग केला. काही गरीब घरांना महिन्याला १५०० टका, काहींना तेवढ्याच किमतीचा शिधा: ३० किलो तांदूळ, २ किलो मसूर, २ लिटर तेल. काहींना निम्मे पैसे, निम्मा शिधा. पैसे मिळाले आणि सोबत आईला आहाराची शिकवणीही मिळाली, तिथे वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ७.३ टक्के-अंकांनी कमी झालं (म्हणजे शंभरात सुमारे सात मुलं कमी). अमर्त्य सेनांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं होतं. धान्य होतं, पण मजुराकडे ते घ्यायची ऐपत नव्हती. मग ऐपतच हातात द्या की.

सातपुड्याची_वाट (धडगाव)
शहाद्यात बँक आहे, बाजार आहे, दहा किराणा दुकानं आहेत. मी नऊ वर्षं अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या पाड्यावरून पैसे काढायला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. जीपचं येण्याजाण्याचं भाडं, त्या दिवसाची मजुरी, आणि एवढं करून रेंज नसली तर "उद्या या". महिन्याच्या दीड-दोनशे रुपयांसाठी हे कोण करेल? आणि पावसाळ्यात ओढ्यावरची फरशी (बुटका पूल) वाहून गेली की पाड्याला एकच दुकान उरतं. तेलाच्या पुडीला तो म्हणेल तो भाव.

मेक्सिकोत हे तपासून झालंय. काही गावांना सरकारने शिधा दिला, काहींना रोख. शिधा आला त्या गावांत माल वाढला आणि खाण्याच्या वस्तूंचे भाव उतरले. दुर्गम गावांत हा फरक जास्त होता. रेशन न घेणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याचा फायदा झाला. आमच्याकडे अगदी हेच होतं, रेशनचं धान्य आलं की दुकानदाराची जीभ जरा नरम होते.

राहिला बंगाल. तिथे मजुरी जागच्या जागी राहिली आणि तांदळाचा भाव पळाला, म्हणून माणसं मेली. ठरावीक रोख रक्कम म्हणजे तीच जागची जागी राहणारी मजुरी. आपल्याच राज्याने २०२३ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी महिना पाच किलो धान्याऐवजी १५० रुपये सुरू केले. पाच किलोचे दीडशे, म्हणजे किलोला तीस. त्या भावात त्या वर्षी तुमच्या शहाद्यात ज्वारी मिळत होती का, हे तुम्हीच सांगा.

दादरची भाकर (अमळनेर)
तुम्ही दोघं पैसे की धान्य यावर भांडताय आणि मला वाटतं धान्य कोणतं यावर भांडायला हवं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं आहे (२०२३ पासून सगळंच मोफत). म्हणजे ज्वारी-बाजरी द्यायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. दादर (रब्बीची ज्वारी) आपल्या काळ्या रानात पिकते, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आपली, मोलगीकडची भगर आपली. ती इथे खरेदी करून इथेच वाटली तर काटा घेऊन कोणी उभा राहणार नाही, कारण कोणी विकणारच नाही. माझी माय म्हणते, "पैसा येस नि जास, दाना घरमा ऱ्हास." तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय, तिचं ऐकावंसं वाटतं.

तापीकाठ (शहादा)
दादर मान्य, शंभर टक्के मान्य. पण ती खरेदी व्हायची कधी? हमीभावाचं ज्वारी केंद्र वेळेवर उघडत नाही, उघडलं तर बारदान नसतं. तोवर बाईने तांदूळ विकतच राहायचं?

आणि सर, रोख म्हटलं की लोक दारूत घालतील असा सूर निघतो. तुमचा नाही, पण निघतो. २०२०-२१ च्या खावटी अनुदानात आदिवासी कुटुंबाला ४००० रुपयांची मदत होती, २००० खात्यात आणि २००० ची कडधान्यं, डाळ, तेल, मीठ-मिरची, चहा. माझ्या ओळखीच्या घरांत त्या दोन हजारांचं बियाणं आलं, दवाखाना झाला. पिशवीतून हे कसं झालं असतं?

पर्यवेक्षिका_निवृत्त (नंदुरबार)
बांगलादेशचा दाखला दिलात, पण अर्धाच. त्या प्रयोगाचे दोन भाग होते. पैसे अधिक शिकवणी हा गट फक्त उत्तरेत होता; शिधा अधिक शिकवणी हा गट दक्षिणेत. ते दोन गट एकाच मातीत समोरासमोर उभे राहिलेच नाहीत, त्यामुळे "धान्यापेक्षा पैसा सरस" हे त्यातून काढता येत नाही. नुसते पैसे दिले त्या घरांत मुलांची उंची सुधारली नाही. नुसता शिधा दिला तिथेही नाही. मला त्यात दिसते ती शिकवणी: गावातलीच बाई दर आठवड्याला आयांना एकत्र बसवायची, आणि सासू-नवऱ्यालाही बोलवायची.

अंगणवाड्या फिरण्यात माझं आयुष्य गेलं. देशात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातली पस्तीस मुलं खुजी निघाली. सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची, यादी आम्ही दर महिन्याला करायचो. घरात धान्याची कोठी भरलेली आणि दहा महिन्यांचं लेकरू अजून फक्त अंगावर पितंय, असं मी किती वेळा पाहिलं. त्या आईला कोणी सांगितलंच नव्हतं की सहा महिन्यांनंतर वरचं घट्ट खाणं सुरू करायचं. तिच्या दारात कोण बसणार आहे, याबद्दल या धाग्यात अजून कोणी बोललेलं नाही.

कोयता_साक्री
माझा भाऊ दसरा-दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातची रेशन कार्डं जोडली, देशात पहिल्या जोड्यांत आपली होती. म्हणजे तिथेही धान्य मिळायला हवं. पण फडावर तळ ठोकलेल्या माणसाला दुकान कुठलं, आणि कोयत्याने झिजलेल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही. त्याच्यापुरते पैसे बरे.

पण घरी म्हातारी आणि दोन पोरं असतात. खातं भावाच्या नावावर, एटीएम त्याच्या खिशात, वरून मुकादमाची उचल फिटायची बाकी. म्हातारीला रोख म्हणजे सहा महिने काहीच नाही. तिला पाच-पाच किलो धान्यच पाहिजे, आणि ते गावातच पाहिजे. एकाच कार्डावर ही दोन माणसं आहेत, तुमच्या दोघांपैकी कोणाचंच उत्तर दोघांना पुरत नाही.

तापीकाठ (शहादा)
कोयता, हा विचार मी केला नव्हता. ताई, प्रयोगाची मांडणीही मी नीट वाचली नव्हती, तो मुद्दा मागे घेतो. पण समजा रक्कम घरातल्या बाईच्या खात्यात टाकली आणि दर तीन महिन्यांनी बाजारभावाप्रमाणे वाढवली. ज्याला धान्य हवं त्याने धान्य घ्यावं, ज्याला पैसे हवेत त्याने पैसे. मग काय हरकत?

सातपुड्याची_वाट (धडगाव)
शहाद्यात हरकत नाही. आमच्याकडे आहे. निम्म्या कार्डांनी पैसे घेतले की दुकानदाराचं कमिशन निम्मं होतं, कारण ते क्विंटलवर मिळतं. मग तो पाड्यावरचं दुकान चालवणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांना तालुक्याला उतरावं लागेल. आधी हे दुकान कसं टिकणार ते सांगा, मग निवड द्या.