हसलेले अनारसे, झुकलेले कंदील : घरच्या सणकामांचे अनुभव

फराळाच्या ताटांचे फोटो आता सगळीकडून येतील. चकलीला काटा, करंजीला पदर, मागे समई. बघायला छानच वाटतं, पण त्या ताटापर्यंत न पोचलेल्या घाण्याचं काय झालं ते कुणी लिहीत नाही. इथे तेच लिहा. फराळ, कंदील, किल्ला, रांगोळी, नाताळचा गोठा, जे घरी केलं असेल ते. नुसतं "फसलं हो" नको. का फसलं, मग काय केलंत आणि शेवटी ते कुणाच्या पोटात गेलं, तेही सांगा. जमलेलंही चालेल, फुशारकी मात्र बेताची. विकतच्या फराळाशी माझं वैर नाही, पण त्याचा अनुभव "डबा उघडला" इथेच संपतो.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे अनारसे सासूबाईंच्या देखरेखीखाली होतात. तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. मग पंच्यावर पसरून सावलीत सुकवायचे, पण खडखडीत नाही, मुठीत धरल्यावर दमट लागले पाहिजेत. तसेच कुटायचे, चाळायचे, किसलेला गूळ कालवायचा आणि गोळे डब्यात मुरत ठेवायचे. गेल्या वर्षी गूळ ओलसर, चिकट निघाला. पहिला अनारसा तुपात सोडला आणि जाळी पडायच्या ऐवजी तो हसला. खसखस एकीकडे, पीठ दुसरीकडे, कढईत तपकिरी फेस. सासूबाई म्हणाल्या, "गॅस बंद कर आधी. तूप जाळू नकोस." त्या दर वर्षी वाटीभर कोरडी पिठी कशासाठी बाजूला काढतात ते तेव्हा कळलं. ती मळून घातली, गोळा झाकून ठेवला, आणि पुढचे अनारसे व्यवस्थित जाळीदार झाले. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. तळाचा चुरा पोरांनी दुधात घालून संपवला. यंदा "ते हसलेलेच कर" अशी फर्माईश आहे.

डोंबिवलीहून

आमचा विषय कंदील. पारंपरिक कंदिलाचा सांगाडा म्हणजे सहा चौकोन, २४ कामट्या. चौकोन टोकाला टोक लावून बांधले की मधले आठ त्रिकोण आपोआप पडतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. हे एवढं सोपं गणित भाच्यांना शिकवायचं ठरवलं. अडचण अशी की कामट्या मोजायला तिघं बसले होते आणि तिघांच्या पट्ट्या वेगळ्या जागेपासून सुरू होत होत्या. कुणी शून्यापासून, कुणी पट्टीच्या कडेपासून. नखभर फरक, पण २४ ठिकाणी. बांधून झाल्यावर कंदील असा काही एका खांद्यावर झुकला की वरच्या आजोबांनी जिन्यातूनच विचारलं, "काय रे, याला लकवा झाला का?"

सोडून पुन्हा बांधायची कुणाची तयारी नव्हती. मग झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध टोकाला आतून दोन वॉशर बांधले. सरळ झाला! खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत कागद कुरतडतात (मोरचूद विषारी असतं, ते काम मोठ्यांनीच करावं). आणखी एक. पतंगाचा कागद खळीने ओला असताना ताणून बसवू नका. वाळताना तो आकसतो आणि मधोमध तडकतो. किंचित सैल चिकटवा, वाळला की आपला आपण ताठ होतो. पूर्वी आत साठचा बल्ब असायचा आणि कागद करपायची भीती. एलईडी आल्यापासून ती गेली.

माहीमहून

वॉशरची युक्ती घेतली आहे. आमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी चालायला जागा नसते, त्यामुळे घरी करायचा उत्साह दर वर्षी त्या गल्लीच्या तोंडाशीच मावळतो. कंदिलाला लावायच्या फक्त कागदी करंज्या आणि झिरमिळ्या आणायला जाते, आणि अख्खा कंदील घेऊन परत येते. याला फसणं म्हणायचं का?

न्यू जर्सीहून

घरात तळण काढलं की धुराचा अलार्म बोंबलतो. म्हणून मागच्या डेकवर, बाहेरच्या शेगडीवर चकल्या करायचं ठरलं. भाजणी आईने पाठवलेली, सोऱ्या पितळी, मनात गर्व. बाहेर थंडी आणि भन्नाट वारा. तेल तापतच नव्हतं, आणि तापलं तरी चार चकल्या सोडल्या की पुन्हा गार. गार तेलात चकली तळली जात नाही, ती तेल पीत बसते. वरून रंग सुंदर, आत मऊ गिच्च, टिपकागदावर तेलाचं तळं. नवरा म्हणाला "चव चांगली आहे", म्हणजे बाकी सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी शेगडीभोवती वारा अडेल असा पत्रा लावला, पातळ कढईऐवजी बिडाची घेतली आणि एका वेळी दोनच चकल्या सोडल्या. वेळ लागला, कानटोपी घालून तळल्या, पण कुरकुरीत झाल्या. मऊवाल्यांचं थालीपीठ होतं का हे आईला विचारलं. ती फोनवर नुसती हसली.

पुण्याहून, सदाशिव पेठ

न्यू जर्सीच्या ताई, रंगावर जाऊ नका. चकली तेलात पडली की बुडबुडे उसळतात, ते बसत आले म्हणजे आतलं पाणी गेलं. तेव्हाच काढायची. मोहन जास्त झालं तर चकली तेलातच विरघळते, कमी पडलं तर दात हलतात. पहिली एकच चकली तळून, गार करून खाऊन बघावी आणि मग पुढचं पीठ भिजवावं. आमच्या आईचा हा नियम होता. घरातली तरुण मंडळी तो पाळत नाहीत, मग बरणीच्या तळाशी कडक चकल्या फेब्रुवारीपर्यंत राहतात. थालीपीठ होत नाही. चुरून भेळेत घाला.

साताऱ्याहून

२०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. गल्लीत सगळे रायगड, प्रतापगड करणार, म्हणून आमच्या पोरांनी जिंजी घेतला. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, तीन डोंगर आणि तिन्हींना बांधणारा तट. विटा, दगड, वर गोणपाट आणि त्यावर लाल मातीचा गिलावा. गोणपाट घेतलं नाही तर उतारावरची माती पाणी मारताच घसरते. तटाला गेरू, बुरुजांना दह्याचे रिकामे डबे, कुंभाराकडून आणलेले मावळे.

हिरवळीसाठी अळीव पेरला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोवळे कोंब असे काही दाट आले की पोरं शाळेतून पळत घरी यायची. वसुबारसेच्या दुपारी शेजारच्या कोंबड्या अंगणात शिरल्या. औरंगजेबाच्या सरदाराला, झुल्फिकारखानाला, जिंजी घ्यायला आठ वर्षं लागली, कोंबड्यांनी जेवणं उरकायच्या आत घेतला. कृष्णगिरी उघडाबोडका, दोन मावळे आडवे, राजगिरीच्या माथ्यावर एक कोंबडा. धाकटा रडायला लागला. थोरलीने मात्र उघड्या डोंगरावर लाकडाचा भुसा हिरवा रंगवून पसरला आणि पाटी लावली, "वेढ्यानंतरचा जिंजी". बघायला येणाऱ्यांना ती राजाराम महाराज इथून कसे निसटले ते सांगत होती. पाटी वाचून लोक जास्त वेळ थांबायचे, हे मी स्वतः पाहिलं.

कोल्हापूरहून

लहानपणी रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. ओळखीसाठी पत्र्यावर खडूने आडनाव. एका दिवाळीत भट्टीच्या धगीत खडू उडाला आणि आमचे पत्रे दुसऱ्यांकडे गेले. आमच्या वाट्याला आलेली नानकटाई वेलची-जायफळ घातलेली, तुपाची. आमची डालड्याची. आईला दोन दिवस झोप नाही. ती शेवटी डबा घेऊन माफी मागायला गेली, तर त्या काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, आमच्या पोरांना तुमचीच आवडली."

वसईहून

नाताळचं चालेल म्हणालात म्हणून. आमच्याकडे कुलकुल वळायला सगळं घर बसतं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी रेघ उठते. सांधा नीट दाबला नाही तर तेलात उलगडते आणि सरळ पट्टी हाती येते. मामा ज्या वळतो त्या सगळ्या उलगडतात. त्याला दर वर्षी बसवतात कारण गोष्टी तोच सांगतो.

केकचं म्हणाल तर रममध्ये भिजवलेली फळं तळाशी बसतात ही सगळ्यांची रड. निथळून, मैद्यात घोळवून घाला आणि पीठ जरा घट्ट ठेवा. गोठ्याचं गवत मात्र लायटिंगच्या माळेपासून लांब ठेवा. यावर अधिक लिहीत नाही, घरचे वाचतात.

म्हापशाहून

आमचा नरकासुर पावसात भिजला. आत गवत, वर कागद, रात्रभर सर. पहाटे पेटवायला गेलो तर नुसता धुमसतोय, पोरं खोकून बेजार. शेवटी मुंडकं वेगळं काढून तेवढंच जाळलं आणि अंघोळीला पळालो. कारीट फोडलं, पाच प्रकारचे पोहे खाल्ले. धड अजून आवारात आहे.

नागपूरहून

लक्ष्मीपूजनाची रांगोळी, ठिपके एकवीस बाय एकवीस. मी आत रंगाचा डबा आणायला गेले, मावशी कामाला आल्या आणि "किती पीठ सांडलं बाई" म्हणत झाडून मोकळ्या. फोटोही नाही.

नाशिकहून

तातडीचं विचारते. बेसनाचे लाडू बसलेत. वळले तेव्हा गोल होते, आता ताटात चपटे. तूप जास्त झालं का? उद्या पाहुणे आहेत.

पुण्याहून, सदाशिव पेठ

तूप जास्त आणि मिश्रण गरम असतानाच साखर घातलीत, दोन्ही. सगळे मोडा. थोडं बेसन कोरडंच खमंग भाजून, पूर्ण गार करून त्यात मिसळा आणि परात तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग वळा. बेसन कच्चं नको, नाहीतर टाळूला चिकटेल. पाहुणे किती वाजता येणार आहेत?