मदत हवी आहे: तोफेचा 'डिस्पार्ट' कुठे मोजायचा?

इंग्रजीत 'डिस्पार्ट' म्हणजे पूर्वी वेगळं करणं. तोफ डागणाऱ्या गोलंदाजांसाठी मात्र ते एक माप. ओतीव तोफ बुडाशी जाड, तोंडाशी बारीक. वरच्या पाठीवरून नेम धरला की नळी नकळत वर रोखली जाते, गोळा लक्ष्याच्या डोक्यावरून जातो. म्हणून दोन्हीकडच्या व्यासांतल्या फरकाच्या निम्म्या उंचीची माशी, म्हणजे नेम धरायची छोटी खुंटी, पुढे बसवत. १८१३ मध्ये 'चेसापीक' ही अमेरिकी युद्धनौका जिंकणाऱ्या 'शॅनन' या ब्रिटिश जहाजावर कप्तान ब्रोकने अशी सोय केली होती.

मी लाकडी प्रतिकृती करतोय. मागचा व्यास बुडाच्या कड्यावर घेतला. पुढचा तोंडाच्या फुगवट्यावर घ्यायचा, की माशी बसेल तिथे? फुगवट्यावर माशी डगमगते हो! व्यास मोजायचा कॅलिपर लहान पडतो. दोरीने परीघ मोजून ३.१४ ने भागलं तर चालेल का?