मुलाला प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम निघालाय, पुढच्या तपासण्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. प्यूट्झ-जेगर्स म्हणजे ओठांवर काळपट ठिपके आणि आतड्यात गाठी आणणारा आनुवंशिक आजार. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पोटाचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे किंवा जे पोटविकाराचे डॉक्टर आहेत, त्यांनी कृपया सांगावं.

तो दोन वर्षांचा असताना खालच्या ओठावर काळपट ठिपके उठले. मोहरीएवढेही नसतील. मग गालाच्या आतून, बोटांच्या टोकांवर. जो तो विचारायचा, "काय रे, जांभळं खाल्लीस का?" सासूबाई म्हणाल्या, "हे आपल्या घरातलंच आहे. याच्या बापालाही होते, आत्यालाही होते. वयात आला की जातील." मी निर्धास्त झाले.

तिसरीपासून पोटात कळ यायला लागली. गुडघे पोटाशी घेऊन पडायचा आणि अर्ध्या तासात उठून खेळायला जायचा. जंताचं औषध झालं, ओवा-हिंग झालं. शाळा बुडवायला नाटक करतो म्हणून मी त्याला रागावलेही आहे. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. हिमोग्लोबिन ७.८ आलं तेव्हा लोहाचं सिरप सुरू झालं, पण रक्त जातंय कुठे हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मग एका रात्री हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं. सर्जननी समजावलं, की लहान आतड्यात देठाची गाठ म्हणजे पॉलिप होता. आतडं त्याला अन्नासारखं पुढे ढकलत राहतं आणि त्याच्या मागोमाग स्वतःच ओढलं जातं. तीन सेंटीमीटरची गाठ होती, थोडं आतडंही काढावं लागलं. त्यांनी ओठ बघूनच आजाराचं नाव सांगितलं होतं. बायोप्सीत हॅमार्टोमा (पेशींची कॅन्सर नसलेली वाढ) आला, रक्ताच्या तपासणीत एसटीके११ जनुकात दोष निघाला.

आता माझे प्रश्न. उरलेल्या आतड्यासाठी कॅप्सूल एन्डोस्कोपी (गोळीएवढा कॅमेरा गिळून करतात ती) करावी की एमआरआय? धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे, ठिपके नाहीत, तरी तिची तपासणी करायची का? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मिस्टर. वय ३९. ओठांवरचे ठिपके गेलेत, पण गालाच्या आत अजून आहेत. त्यांची आत्या ४२व्या वर्षी आतडं अडकूनच गेली. तरी म्हणतात, "मला काही होत नाही, आधी पोराचं बघू." त्यांना कसं समजवू?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही, पण मला हाच आजार आहे. वय ३६. दोनदा पोट उघडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. माझी आईसुद्धा मला रागवायची.

पॉलिप होऊच नयेत असं खात्रीचं औषध नाही. गाठ मोठी व्हायच्या आत शोधून काढणं हाच उपचार. साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या पुढची गाठ त्रास नसला तरी काढतात. लहान आतड्यात खोलवर असेल तर डबल बलून एन्टेरोस्कोपीने, म्हणजे दोन फुगे लावलेल्या लांब दुर्बिणीने, पोट न उघडता. माझ्या शेवटच्या तीन गाठी अशाच निघाल्या. कॅप्सूल आणि एमआरआय दोन्ही चालतात. फक्त त्याचं ऑपरेशन झालंय, आतडं कुठे अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकू शकते, तेवढं आधी विचारा. जठराची आणि मोठ्या आतड्याची एन्डोस्कोपी आठव्या वर्षाच्या सुमारास पहिल्यांदा करतात, त्याची झाली नसेल तर आता करून घ्या. गाठी सापडल्या की साधारण दर तीन वर्षांनी. मुलांमध्ये अंडकोषाची तपासणीही दरवर्षी करतात, छाती वाढल्यासारखी वाटली तर लगेच दाखवा.

लेकीला हा दोष येण्याची शक्यता निम्मी. भावाचा नेमका दोष सापडलाय, त्यामुळे तिच्या रक्तात तेवढाच शोधायचा. नसला तर तिला यातलं काहीच करावं लागणार नाही. जनुकीय समुपदेशकाशी बोलून ठरवा.

आता दादांचं. मोठेपणी या आजारात आतडं, जठर, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, बायकांना स्तनांचाही. मी तिशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करते. ओठांवरचे डाग गेले म्हणजे आजार गेला असं नाही. त्यांना सांगा, पोराला आयुष्यभर तपासण्या करायच्या आहेत, पहिली तपासणी बाबांनी करून दाखवली तर त्याची भीती निम्मी होईल. माझे वडील याच एका वाक्यावर तयार झाले होते.

धागालेखिका

ताई, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. रात्री मुलाला विचारत होते, "ती नळी घशातून घालतात तेव्हा दुखतं का रे?" गुरुवारी मिरजेला तिघांची फाइल घेऊन जातोय. एन्टेरोस्कोपीच्या आधी मुलांना किती तास उपाशी ठेवतात, जुलाबाचं औषध त्यांना झेपतं का, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.