पहाटेच दम का लागतो?

प्रश्न: वडिलांना दमा आहे. दुपारी ते सहज जिना चढतात, परंतु पहाटे छातीत घरघर होऊन उठून बसावे लागते. असे का होत असावे?

उत्तर १: श्वासनलिका दुपारी ४ च्या सुमारास सर्वाधिक मोकळ्या आणि पहाटे ४ च्या सुमारास सर्वाधिक आकुंचित असतात. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही. दम्यात मात्र रात्री कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रिनॅलिन ही श्वासनलिका मोकळ्या राखण्यास मदत करणारी संप्रेरके उतरल्यामुळे आणि श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढल्यामुळे तो बराच वाढतो.

उत्तर २: पीक फ्लो मीटरवर (जोराने फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारे छोटे उपकरण) दोन आठवडे सकाळी औषधापूर्वी व संध्याकाळी नोंद ठेवावी. प्रौढांमध्ये दैनंदिन चढउतार सरासरी १० टक्क्यांहून अधिक असणे हे दम्याचे लक्षण मानतात. रात्रीची जाग मुळीच अंगावर काढू नये. वही घेऊन लवकर डॉक्टरांकडे जावे.

उत्तर ३: माझ्या आईला सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, तिलाही सकाळचीच वेळ सर्वांत कठीण जाते.